नको म्हणणाऱ्यांची पंगत

नागपूरला मला बोलावलं ते मला काही माहीत नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला माझं अज्ञान हवं होतं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

त्याचं असं झालं. मी आणि माझी मैत्रीण सुजाता चिपळूणला व्हिडिओ गेम बनवतो. तिच्या घराच्या माडीवर दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि आम्ही दोघी, एवढाच आमचा स्टुडिओ. आमच्यासारखे छोटे गेमवाले ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. आम्ही क्वचितच भेटतो, पण एकमेकांचे अर्धवट झालेले गेम खेळून देतो. बनवणाऱ्याला आपला गेम इतका पाठ झालेला असतो की त्यातली खोट त्याला दिसतच नाही. ती दिसायला परका माणूस लागतो. आमच्या खाडीतल्या होडीच्या गेममध्ये भरतीच्या वेळी होडी उलटी वळते, हे नागपूरच्या वैशालीनं शोधून दिलं होतं. आम्ही दोघी तोवर ते भरतीचं वैशिष्ट्य समजत होतो.

आता वैशालीचा स्वतःचा गेम तयार होत आला होता आणि तिला असा माणूस हवा होता ज्याचा विदर्भाशी काडीचा संबंध नाही. गेम कशाबद्दल आहे ते ती सांगेना. "तुम्ही फक्त या, मृणालताई," ती फोनवर म्हणाली. "अन् येईपर्यंत कोणाले काही विचारू नका." सुजाता होडी सरळ करत बसली होती, म्हणून मी एकटीच निघाले.

सीताबर्डी

फेब्रुवारीतलं नागपूर मला आवडलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या तक्रारी कुणी मनावर घेणार नाही. मेट्रोनं सीताबर्डीला उतरले. वैशालीचा स्टुडिओ व्हरायटी चौकापासून जवळच एका गल्लीत, कपड्यांच्या दुकानाच्या वर आहे. खाली फेरीवाले टी-शर्ट आणि मोबाईलची कव्हरं विकत सारखे ओरडत असतात. त्यांतल्या एकाचा आवाज गेमच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरला, तो काही केल्या निघेना, तेव्हा त्यालाच गेममध्ये एक काम देऊन टाकल्याचं नंतर कळलं.

वर गेले तर खोलीत फळ्यावर चादर टाकलेली, भिंतीवरची चित्रं उलटी करून टांगलेली. रंगारी यायचे असल्यासारखी सगळी आवराआवर. हे सगळं माझ्यापासून लपवण्यासाठी होतं. माझ्यासाठी कुणी एवढी तयारी आजवर केली नव्हती, त्यामुळे मी उगीचच ताठ बसले.

स्टुडिओत माणसं दोनच. वैशाली पस्तिशीची, बुटकी, भराभर बोलणारी. चित्रं तिची आणि गेमची कल्पनाही तिची. चांगली बसलेली नोकरी सोडून तिनं हा स्टुडिओ काढला आहे. दुसरा प्रफुल, प्रोग्रॅमिंग करणारा. तो रोज सावनेरहून बसनं येतो आणि येतानाच वाद घालायच्या तयारीनं येतो. सकाळी दोघं शिकवणी क्लासांसाठी हजेरीची ॲप्स बनवतात आणि दुपारनंतर गेम. आमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच चालतं. आम्ही लग्नपत्रिका करतो.

भांडण काय आहे ते वैशालीनं चहा पिताना सांगितलं, गाभा सोडून. गेममध्ये एक नियम आहे. प्रफुलचं म्हणणं, बाहेरच्या माणसाला तो कळणार नाही, तो हरेल, वैतागेल आणि गेम काढून टाकेल. म्हणून जागोजागी बाण दाखवावेत, सूचना द्याव्यात. वैशालीला एकही बाण नको होता. शेवटी दोघांनी ठरवलं की परका माणूस बोलवायचा. त्याला न सांगता नियम कळला तर तो जसाच्या तसा राहील. नाही कळला तर नियमच काढायचा. शनिवारी गेमचा पहिला भाग लोकांसाठी खुला होणार होता, त्यामुळे निकाल त्याआधी लागायला हवा होता.

"तो नियम गेला, तर हा गेम मी बनवला काय अन् दुसऱ्या कोणी बनवला काय," वैशाली म्हणाली. एवढी भराभर बोलणारी बाई, पण हे वाक्य तिनं सावकाश म्हटलं. मला जरा धडकी भरली. तिच्या सगळ्या खटाटोपाचा निकाल माझ्या डोक्यावर ठेवला होता, आणि माझं डोकं प्रवासानं दुखत होतं.

माझा मुक्काम मानेवाड्याला, वैशालीच्या घरी. घरी ती आणि तिची आई. आईंना मी काकू म्हणू लागले. पहिल्याच जेवणात आमची जुंपली. बेत पाटोडी रश्श्याचा होता. बेसनाच्या वड्या आणि लालभडक, तरंगत्या तेलाचा रस्सा. चव अशी की कपाळाला घाम येतो आणि हात थांबत नाही. पण पोटाला मर्यादा असते. आमच्या चिपळुणात जेवणाऱ्यानं नको म्हटलं की वाढणारा पुढच्या पानाकडे जातो. लाजून नको म्हणाल तर उपाशी उठाल, आणि त्यात कुणाचाही दोष नाही. मी त्याच शिस्तीत वाढलेली. मी नको म्हटलं, की मला नको असतं.

काकूंना हे पटलं नाही. मी पानावर हात आडवा धरला, तर पोळी हातावर आली. दुसऱ्यांदा हसून नको म्हटलं, तर वाटी भरली. तिसऱ्यांदा जरा गंभीरपणे म्हटलं.

"काहून वं, आवडलं नाही का?" काकूंनी विचारलं.

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. आवडलं म्हणावं तर आणखी येतं आणि आवडलं नाही म्हणायची सोय नाही. मी मुकाट्यानं जेवले.

भिवापूर

दुसऱ्या दिवशी गेम खेळायचा होता. सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री पोहे खाल्ले. म्हणजे मी साधे पोहे मागितले आणि गाडीवाल्यानं माझ्याकडे जरा दयेनं बघून त्यावर चण्याची तिखट तर्री ओतली. इथवर मला सवय होऊ लागली होती.

स्टुडिओत जायचं म्हणून मी तयार झाले, तर काकू जरीची साडी नेसून बसलेल्या. भिवापूरला वैशालीच्या मावशीकडे लग्न होतं आणि मीही यायचं होतं. प्रफुल खाली भाड्याची गाडी घेऊन आला आणि मीही येणार हे ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"ताई, यांना तिथं काहून नेऊन राहिल्या? सगळी टेस्ट खराब होईल ना."

"मग काय करू गा? पाहुणीले कुलूप लावून घरात ठेवू का?"

लग्नाला गेल्यानं गेम कसा खराब होईल, हे माझ्या लक्षात येईना. वैशालीनं माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. प्रफुल रेकॉर्डर घेऊन पुढच्या सीटवर बसला आणि उमरेड येईपर्यंत फुगून होता.

रस्त्यावरचा मुलूख सपाट. आमच्याकडे कुठंही बघा, नजर डोंगराला नाहीतर झाडाला अडते. इथे नजर सोडून दिली की ती कुठच्या कुठे जाते आणि परत आणावी लागते. कपाशी वेचून झाली होती, मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला. भिवापूर जवळ आलं तशी जमीनच लाल दिसू लागली. वाळत घातलेल्या मिरच्यांचे पट्टेच्या पट्टे, आणि त्यांच्या कडेला बसून देठ खुडणाऱ्या बाया. मी मोठ्या हौसेनं गाडीची काच खाली केली. त्यानंतर मी इतक्या शिंका दिल्या की देठ खुडणाऱ्या बाया काम थांबवून हसू लागल्या. त्यांच्यातली एकही शिंकत नव्हती. प्रफुलची कळी तिथे खुलली. त्यानं माझ्या सगळ्या शिंका रेकॉर्ड करून घेतल्या आणि एक नीट आली नाही म्हणून पुन्हा द्यायला सांगितली.

मावशींच्या दारी मांडव, आणि मांडवात पंगत. टेबल-खुर्च्याही होत्या, पण म्हाताऱ्या माणसांनी आणि काकूंनी खाली सतरंजीवर बसायचं ठरवलं, म्हणून मीही बसले. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या, बुंदी, मठ्ठा. वांग्याची भाजी अशी मी कुठे खाल्ली नाही. भिवापूरचीच मिरची, रंगानं घाबरवणारी आणि चवीला तेवढीच मनमिळाऊ. नवरीचे वडील हात जोडून ओळीतून फिरत होते, प्रत्येकाला सावकाश होऊ द्या म्हणत होते. वाढपी मात्र सावकाश नव्हते. मी नको म्हणायची आणि ते वाढायचे. मी हात आडवा करायची आणि बुंदी बोटांच्या फटीतून खाली उतरायची.

माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आजोबा होते. तेही सारखे नको, नको म्हणत होते आणि पानात पडेल ते शांतपणे खात होते. मला त्यांचा राग आला. असे लोक खोटं नको म्हणतात, म्हणून माझ्यासारखीचं खरं नको वाया जातं. शेवटी एकदा वाढपी आला, तेव्हा आजोबांनी दोन्ही पंजे पत्रावळीवर पालथे घातले आणि पुढे वाकले. वाढपी काही न बोलता त्यांना ओलांडून माझ्याकडे आला. त्याच्या हातात बुंदीचं भांडं होतं, त्यामुळे मला आजोबांचा विचार करायला वेळ मिळाला नाही.

जेवण झाल्यावर मला उठता येईना. मावशींच्या दोन जावांनी मला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, आणि वर विचारलं की एवढी कमी काहून जेवली. परतीचा सगळा रस्ता मी झोपून काढला.

पुन्हा सीताबर्डी

अखेर खेळायची वेळ आली. गेम खेळून बघण्याचा एक नियम सगळ्यांचा सारखा आहे. खेळणाऱ्याच्या मागे बनवणाऱ्यानं गप्प बसायचं. मदत नाही, खूण नाही, उसासा नाही. उद्या गेम लोकांकडे गेला की आपण काही प्रत्येकाच्या घरी जाऊन मागे उभे राहणार नाही. वैशालीला गप्प बसणं जमत नाही, म्हणून ती तोंडात संत्र्याच्या फोडी भरून बसते. मी कॉम्प्युटरसमोर बसले, मागे वैशालीचा गाल फुगला, प्रफुलनं गेम सुरू केला.

पडद्यावर मांडव होता. मांडवात पंगत होती. माझ्या हातात वाढायचं भांडं होतं.

मी इतकी हसले की मला पाणी प्यावं लागलं. काल ही माणसं मला कुठे घेऊन गेली होती आणि प्रफुलनं कपाळाला हात का लावला होता, ते सगळं एकदम समजलं. ज्या पाहुणीला पंगतीतलं काही माहीत असता कामा नये, तिलाच यांनी आदल्या दिवशी पंगतीला बसवलं होतं. नागपूरकर सोडून हे कुणाच्या हातून झालं नसतं.

मग खेळू लागले. चित्रं फार सुंदर होती. जाड मिशांचे एक गृहस्थ, मोरपंखी लुगड्यातली एक बाई, एक पुजारी, फेट्यातला एक पाटील. मी भांडं घेऊन जाड मिशांपाशी गेले. त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, नको. माझं मन भरून आलं. दोन दिवस मी जे भोगत होते, ते निदान या माणसाच्या वाट्याला यायला नको, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी त्यांना सोडून पुढे गेले. मोरपंखी लुगडंही नको म्हणालं, तिलाही सोडलं. एकालाही मी त्रास दिला नाही.

पंगत उठली. पडद्यावर नवरीचे वडील मान खाली घालून, हात जोडून उभे राहिले आणि खाली अक्षरं आली, पाहुणे उपाशी उठले.

मला वाटलं, मी हळू वाढलं म्हणून असं झालं असेल. पुन्हा खेळले, भराभर खेळले आणि भराभर सगळ्यांना सोडून दिलं. पाहुणे आणखी लवकर उपाशी उठले. मग आणखी एकदा तेच. प्रफुल जिंकला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, की ताई, नियम राहू द्या, फक्त बाण दाखवू, काही बिघडत नाही.

मी वळून पाहिलं, तर वैशालीचा गाल तसाच फुगलेला आणि डोळ्यांत पाणी. ती फोडी चावत राहिली, गिळल्या आणि मग बोलली.

"बाबा होते तोपर्यंत आईले तेच वाढायचे. ती नको म्हणायची, ते वाढायचे. रोजचं होतं ते. मग बाबा गेले. आता ती नको म्हणते, अन् मी ऐकून घेते. वाटायचं, नको असंल. तिचे ब्लाउज सैल व्हायले लागले, तेव्हा मले समजलं."

मला फार वाईट वाटलं. माझ्या शिस्तीचा मला अभिमान होता आणि त्या शिस्तीनं मी पडद्यावरच्या तीन पंगती उपाशी उठवल्या होत्या. पण वाईट वाटलं की मी भांडायला उठते, तशी उठले. म्हटलं, हे सगळं खरं, पण कुणाचं नको खरं आणि कुणाचं खोटं हे माणसानं ओळखायचं कसं? मी दोन दिवस खरं नको म्हणते आहे, तर ते एकालाही ओळखता आलं नाही.

प्रफुलनं विचारलं, "तुम्ही कसं म्हणता नको? करून दाखवा बरं."

मी एक हात पानावर धरल्यासारखा आडवा केला आणि सभ्यपणे हसून नको म्हटलं. दोघंही इतके हसले की वैशालीला डोळे पुसायला दुसरं कारण मिळालं.

"हे तर वाढा म्हणणं झालं ताई," प्रफुल म्हणाला.

तेव्हा मला टोपीवाले आजोबा आठवले. मी दोन्ही पंजे टेबलावर पालथे घातले आणि पुढे वाकले. वैशाली म्हणाली, हो, हे खरं नको, याच्यावर कोणी वाढत नाही, वाढलं तर भांडण होतं. मी म्हटलं, मग तुमच्या गेममध्ये हे कुठे आहे? तिथे तर सगळेच माझ्यासारखा एकच हात धरतात.

त्यांनी ते काढलंच नव्हतं. दोन हातांचं नको त्यांना जन्मापासून ठाऊक होतं, आणि जे प्रत्येकाला ठाऊक आहे ते चित्रात काढावं लागतं हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आमची उलटी होडी आमच्या डोक्यात आली नव्हती, तसंच हे. गेममध्ये सगळ्यांचं नको खोटंच असेल, तर खेळणाऱ्यानं बघावं कशाला? पण एखाद्याचं खरं असेल आणि त्यालाही वाढलं तर तो रुसून उठेल, मग खेळणारा आपसूक हाताकडे बघायला लागेल. बाण कशाला हवेत? प्रफुल माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी खुर्चीवर जाऊन बसला होता. त्यानं कुणाचं एवढ्या लवकर ऐकलेलं वैशालीनं पाहिलं नव्हतं म्हणे.

मग माझा मुक्काम वाढला. वैशाली माझे हात समोर ठेवून चित्रं काढत होती. एक हात, दोन हात, बोटं उघडी, बोटं मिटलेली. माझ्या शिंका त्यांनी पुजाऱ्याला दिल्या. भिवापूरच्या वांग्याच्या भाजीचा डबा मावशींनी पाठवला होता, तो आम्ही कामाच्या मधेच संपवला.

आता मी काही परकी राहिले नव्हते, म्हणून गेम चिपळूणला सुजाताकडे पाठवला आणि फोन चालू ठेवायला सांगितला. इकडे आम्ही तिघंही तोंडात संत्रं भरून बसलो. पहिल्या पंगतीत सुजातानं सगळ्यांना सोडून दिलं आणि हरली. ती आमच्याच गावची, त्यामुळे यात नवल नव्हतं. दुसऱ्या पंगतीत तिनं चिडून सगळ्यांना वाढलं आणि पाटील रुसला. तिसऱ्या पंगतीत फोनवर नुसती बटणांची टकटक येत राहिली.

"अगं मृणाल," शेवटी ती म्हणाली, "ही मोरपंखी लुगड्यातली बाई चक्क खोटं बोलते आहे. हिला भूक आहे."

वैशालीनं टेबलावर डोकं टेकलं. प्रफुलनं तिच्यासमोर बाणांची फाईल पुसून टाकली आणि शनिवारी गेम बाणांशिवाय लोकांकडे गेला.

मानेवाडा

निघायच्या दिवशी काकूंनी वडाभाताचा बेत केला होता. डाळींचे कुटून केलेले वडे, गरम भात आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. त्या नेहमीसारख्या वाढायला उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं आणि आधी तुम्ही बसा म्हटलं. पाहुणीनं वाढायचं म्हणजे काय, यावर बरंच झालं. पण मी आता तिथली दोनचार हत्यारं शिकले होते.

"काहून काकू, माझ्या हातचं चालत नाही का?" मी विचारलं. त्या बसल्या.

थोडा भात खाऊन झाल्यावर मी पुन्हा गेले. काकू म्हणाल्या, नको वं, पोट भरलं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. एकच हात, तोही पानाच्या कडेला, बोटं उघडी. मी भात वाढला, वडा कुस्करला, फोडणी घातली. त्यांनी खाल्लं. पुन्हा गेले. त्या म्हणाल्या, अवं, नको म्हटलं ना, ऐकून नाही राहिली का? हात एकच होता. मी वाढलं. वैशाली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघत होती, तिच्या हातातलं ताट तसंच होतं. काकू जेवत होत्या, अगदी सावकाश, बोटं चाटून.

मी तिसऱ्यांदा भांडं घेऊन गेले, तेव्हा काकूंनी दोन्ही पंजे ताटावर पालथे घातले आणि पुढे वाकल्या. त्या हसत होत्या.

मी थांबले. वैशाली दारातून आत आली, आईला खेटून मांडी घालून बसली, आपलं ताट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "आता मले वाढा."